कागदावरची स्वयंपाकीण

अहो,

कपाळावरचा चष्मा आधी डोळ्यांवर घ्या, नाहीतर घरभर शोधत बसाल. इथून नमस्कार. मी खुशाल आहे, नात लिहून घेतेय.

परवा माझा या परदेशात राहायचा परवाना वाढवायला चिरंजीव मला कचेरीत घेऊन गेले. दुभाष्यानं विचारलं, "यांच्याकडे कधीपासून कामाला आहात?" मी हसून म्हटलं, "साहेब जन्मले तेव्हापासून!"

तो हळूच म्हणाला, "आजी, हे मी पुढे सांगत नाही. कागदावर तुम्ही स्वयंपाकीण आहात. आईला इथं राहू देत नाहीत."

"आई, इथं अंगठा दे," एवढंच म्हणाला होता हो आपला मुलगा. मी दिला.

नात विचारते, "हेही लिहू?" म्हटलं, लिही.

तुमचे गुडघे कसे आहेत? नातीपुरते लाडू, चिवडा लवकर पाठवा. स्वयंपाकीण आजपासून रजेवर आहे.