तिसऱ्यांदा विचारणे

सर, तुम्ही गेल्यानंतर आपल्या अपघात विभागाच्या दारात एका त्रिकालज्ञ महर्षींची प्रतिष्ठापना झाली आहे. काचेची मुद्रा, निर्विकार वाणी, विजेवर निर्वाह. येणारा रुग्ण प्रथम त्यांच्यासमोर उभा राहतो, पडद्यावरच्या लक्षणांच्या प्रश्नांना 'होय' किंवा 'नाही' दाबतो, आणि महर्षी त्याला लाल, पिवळी वा हिरवी चिठ्ठी प्रदान करतात. उद्घाटनाचा नारळ मीच फोडला. नासका निघाला, दोष नारळाचाच ठरला.

परवा हुपरीहून एक वृद्ध चांदी-कारागीर सुनेबरोबर आले. 'छातीत दुखते का?' 'नाही.' 'श्वास लागतो का?' 'नाही.' हिरवी चिठ्ठी, आसनस्थ व्हावे. मी जाता जाता पाहिले, तर डोक्यावर पंखा फिरतो आहे आणि सदरा घामाने ओलाचिंब. विचारले, "काका, दुखतंय काय?" "न्हाय की." मी शेजारी बसलो. "पैंजणांचं काम जोरात हाय म्हणं?" "कुठलं वो, सकाळधरनं हातोडी उचलंना." "आणि छाती?" तेव्हा सुनेकडे न पाहता ते हळूच म्हणाले, "कुणीतरी गुडघा रोवल्यागत वाटतंय बघा."

मला तुमची ती कानउघाडणी आठवते. मी नवखा, एका बाईंचे पहिले 'न्हाय' प्रमाण मानून पुढच्या खाटेकडे सरकलो आहे, आणि तुम्ही भर वॉर्डात गर्जता, "पावण्याला एकदाच इचारून ताट उचलतोस काय रं? आईनं हेच शिकवलं तुला?" आपल्याकडे भाकरी आणि वेदना, दोन्ही पहिल्या आग्रहात कुणी कबूल करीत नाही, हे निदानशास्त्र माझ्या एकाही ग्रंथात नव्हते.

काका वाचले. व्यवस्थापनाने मात्र सखोल चिंतनाअंती निर्णय दिला, की रुग्णाने यंत्रास असत्य माहिती पुरवली. म्हणजे मरता मरता वाचलेला माणूस खोटारडा, आणि भिंतीवरचा डबा सत्यवचनी! मला जुगुप्सा उत्पन्न झाली, सर. साध्या भाषेत, ओकारी आली. बैठकीत त्यावर बिस्किटे वाटली गेली.

हे पत्र कुठे धाडायचे नाही, म्हणून सांगतो. गेले काही दिवस जिना चढताना माझ्याही छातीत आवळल्यासारखे होते. आज दालन रिकामे पाहून मी महर्षींसमोर उभा राहिलो. त्यांनी विचारले. मी 'नाही' दाबले. हिरवी चिठ्ठी हातात आली, तरी बराच वेळ मी तिथेच थांबून होतो.