स्लॅबवरचं पाणी

अण्णा, काल आपल्या घराचा स्लॅब दुरुस्तीला काढला. तुम्ही असता तर सकाळपासून गच्चीवर उभे राहून कामावरच्या माणसांना चहा पाजून पाजून कामाचा खोळंबा केला असता. नांदेडच्या या टोकाला आपलं घर पहिलं. तेव्हा चारी बाजूंना मोकळे प्लॉट, काळी माती आणि बाभळी. आता प्रत्येक फाटकात गाडी आणि प्रत्येक गच्चीवर टाकी आहे. तुम्ही घराभोवती सोडलेली जागा मात्र मी तशीच मोकळी ठेवली आहे. शेजारी म्हणतात, एवढ्यात दोन खोल्या निघाल्या असत्या. म्हणू देत.

तो एप्रिल मला विसरता येत नाही. तुमची ड्युटी मुदखेडला, आई भोकरला मामाच्या लग्नघरी, आणि मी नववीची परीक्षा देऊन रिकामी. या घराचा स्लॅब टाकून झाल्यावर तुम्ही माझ्या हातात पाइप दिलात. "एकवीस दिवस, सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा न्हाई." मिस्त्रीनं वर मातीची आळी करून दिली होती, त्यात पाणी तुंबवून ठेवायचं. चार दिवस मी नेमानं गेले. मग मैत्रिणीकडे कूलर आला. भाड्याच्या खोलीपासून प्लॉटपर्यंत उन्हात सायकल हाणायची माझ्या जिवावर यायला लागली. तुम्ही विचारायचात, मी "मारलं" म्हणायचे. पाच दिवसांनी गेले तर मिस्त्री स्वतःच पाणी मारत होता. दुसरीकडचं काम सोडून आला होता. म्हणाला, "बाई, आता चुकवू नका. साहेबाला मी काई सांगत न्हाई."

त्यानं शब्द पाळला, अण्णा. स्लॅबखालचं फळ्यांचं सेंट्रिंग उतरवलं आणि भेगा दिसल्या. तुम्ही खाली उभे आहात, तोंड लाल झालंय. तो उकिडवा बसून एकच सांगतोय, "माल पुरता घातलाय साहेब." तुम्ही विचारता, "मग काय पाणी कमी पडलं? माझ्या लेकीनं मारलंय. ती लबाड बोलत न्हाई." त्यानं एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी रेतीकडे बघत राहिले. पुढच्या तीन प्लॉटवाल्यांनी त्यालाच काम द्यायचं ठरवलं होतं. तुम्ही फाटकाशी उभं राहून तिघांनाही सांगितलंत, सिमेंट खातो. त्यांनी दुसरा मिस्त्री लावला आणि हा आपल्या कॉलनीत परत कधी दिसला नाही. पुढं नवीन माणूस राहायला आला की तुम्ही त्या भेगा दाखवायचात आणि मी चहा घेऊन यायचे. तेव्हा मला फार लाज वाटायची, पण तुमचं ते "लबाड बोलत न्हाई" मोडायची हिंमत कधी झाली नाही. तुमच्या शेवटच्या आजारातसुद्धा नाही. आज लिहितेय, कारण हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही.

काल नव्या गवंड्यानं हातोडीनं स्लॅब ठोकून पाहिला. म्हणाला, "ताई, काम चांगलं हाय हो. पाणी न्हाई मारलं कुणी." गच्चीवर आम्ही दोघंच होतो. तुम्ही नव्हतात, आई नव्हती, खरं बोलले असते तर कुणाचं काहीच बिघडत नव्हतं. मी म्हणाले, आमचा मिस्त्रीच लबाड होता.