गुडघ्यांचा लेख सर्वांसाठी खुला

३ जून
संकल्प: यंदा माझं सगळं संशोधन जगाला खुलं करायचं. ज्ञान काय कोणाच्या बापाचं आहे? बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आधी कपाट आवरा. असो.

५ जून
ताईचा फोन. तिच्या दवाखान्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालेले पेशंट फार वाढलेत. त्यांच्या व्यायामावरचा माझा लेख हवाय. लहानपणापासून मला बावळट म्हणणाऱ्या ताईने आयुष्यात पहिल्यांदा माझं काही वाचायला मागितलं. आजच पाठवतो म्हणालो.

६ जून
जर्नलच्या साइटवर लेख उघडेना. पैसे भरा म्हणे. माझाच लेख! लायब्ररीतल्या बाईंवर चिडलो. त्या शांतपणे म्हणाल्या, त्या जर्नलची वर्गणी आपल्या खर्चकपात समितीने बंद केली. समितीचा अध्यक्ष मी. एवढे कागद सहीला येतात, माणूस वाचणार तरी काय काय?

९ जून
कॉपीराइटचा करार सापडला. सगळे हक्क प्रकाशकाला, खाली माझी झोकदार सही. लेख स्वीकारल्याच्या आनंदात मी तेव्हा राहतं घरसुद्धा लिहून दिलं असतं.
बाई म्हणाल्या, त्यांनी छापलेली प्रत वाटता येत नाही, पण त्यांनी स्वीकारलेली आपली वर्ड फाइल खुशाल द्या, करारातच तसं आहे. म्हणजे किरकोळ काम. उद्या.

१० जून, दुपार
फाइली सापडल्या. ‘अंतिम’, ‘अंतिम नवा’, ‘खरा अंतिम’, ‘हाच घ्या’. एकीत गुडघा लगेच वाकवा, दुसरीत अजिबात वाकवू नका. स्वीकारलेली कुठली, देव जाणे. माझ्या जुन्या विद्यार्थिनीकडे असणार, टायपिंग तिचंच. पण तिला विचारायचं म्हणजे अवघड. आपला डेटा खुला करू या म्हणून ती मागे लागली होती, तेव्हा कोणीतरी ढापेल म्हणून मीच तिला गप्प केलं होतं. दूरदृष्टी म्हणतात ती हीच. आता आपण होऊन मेल करणं बरं दिसत नाही.

१४ जून
ताईचा फोन उचलला नाही. मीटिंगमध्ये होतो. म्हणजे मनातल्या मनात मीटिंगच चालू होती. दमलोय फार.

१७ जून
‘ज्ञान सर्वांचे’ हे माझं व्याख्यान झालं. झकास. पुढच्या रांगेतले जागे होते. बाई म्हणाल्या, स्लाइड्स द्या, वेबसाइटवर टाकते. बघू म्हणालो. कोणी जशाच्या तशा उचलल्या म्हणजे?
ताईचा परत फोन. एका आजोबांचा गुडघा आखडत चाललाय म्हणे. रात्री जेवण गेलं नाही. उद्या मेल नक्की.

२१ जून
केली एकदाची मेल. चहा संपायच्या आत विद्यार्थिनीची फाइल हजर, वर ‘सर, तब्येत कशी आहे?’ उगाच घाबरलो होतो. लगेच ताईला फोन लावला.
ताई म्हणाली, राहू दे रे आता. इंटरनेटवर दुसरा लेख मिळाला, फुकट, चित्रांसकट. त्यावरूनच व्यायाम घेतले, आजोबा काल जिना चढले. तुझी वाट बघत बसले असते तर झालंच होतं.
कोणाचा लेख, विचारलं. माझ्या विद्यार्थिनीचा.
शेवटी आभारात माझं नाव आहे म्हणे. माझं म्हणून ताईने तेवढंच वाचलं.