चापाला बोल लावू नका

मी, मॅव्हिस जोन कॉकरन, कै. लेस्ली कॉकरन यांची पत्नी, वय शहात्तर, आधीचा धंदा बंदुकांचे चाप बनवणं, नंतरचा धंदा शिवणयंत्रं दुरुस्त करणं, राहणार कार्नीज क्रीक, साउथ वेस्टलँड, न्यूझीलंड, हे लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. हात थरथरतो, तो वयामुळे. हे लिहायला मला कोणी भाग पाडलेलं नाही. भाग पाडू शकेल असा या खोऱ्यात एकच माणूस होता, तो लेस, आणि तोही कधी जिंकला नाही. याआधीचं माझं मृत्युपत्र रद्द समजावं. ते रागात लिहिलं होतं. हेही थोडं रागातच आहे, पण विचार करून.

कलम १. घर, घराखालची जमीन आणि मागची शेड माझी मुलगी शोना हिला द्यावी. या मृत्युपत्राची व्यवस्थाही तिनेच बघावी. बँकेत जे काही असेल ते तिच्या दोन्ही मुलींना निम्मं निम्मं. भांडू नये, भांडावं इतकं ते नाहीच. शोना, न्हाणीघराचं छप्पर पश्चिमेच्या पावसात गळतं. तुझ्या बाबांनी ते तीनदा दुरुस्त केलं, तेव्हापासून जास्त गळतं.

कलम २. मासे धरायचं माझं मोठं जाळं शेजारी केन बॅसेट याने उसनं नेलं आणि ते आता त्याचंच झालं आहे. ते त्यालाच देऊन टाकावं असं मनात होतं. पण केन या कागदाला साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देता येत नाही असं वकिलाने सांगितलं. तेव्हा केन, जाळं परत कर.

कलम ३. शेडमधली माझी हत्यारं, म्हणजे घासायचे दगड, बारीक कानशी, डोळ्याला लावायचं भिंग आणि चिमटे, ग्रेमाउथला जिथे धातुकाम शिकवतात तिथे द्यावीत. त्यासोबत पुढचं वाचून दाखवावं, नाहीतर पोरं हत्यारांची वाट लावतील.

चापाला तेल घालू नये. माणसाला वाटतं, तेल म्हणजे माया. बंदुकीच्या नळीला घाला, लाकडाला चोळा, चापाला नाही. तेलावर वाळू बसते, नेच्याची धूळ बसते, आणि वर डोंगरात थंडी पडली की ते मधासारखं घट्ट होतं. समोर हरणाचा नर उभा असतो, तुम्ही चाप ओढता आणि काहीच होत नाही. चाप पांढऱ्या पेट्रोलमध्ये धुवावा, चुलीजवळ कोरडा करावा आणि कोरडाच ठेवावा. फार हलका करू नये. दीड किलोच्या साखरेच्या पिशवीच्या वजनाला तो सुटावा, त्याआधी नाही. दुकानातल्या फॅशनच्या चापांना फुंकर मारली तरी सुटायची हौस असते.

माझा चाप गिऱ्हाइकाला देण्याआधी मी मांसाच्या फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवत असे, हरणाच्या तंगडीशेजारी. सकाळी त्यावर नदीचं गढूळ पाणी ओतायचं आणि ओढायचा. मग रिकाम्या बंदुकीत बसवून, घोडा चढवून, दस्त्यावर रबरी हातोडा हाणायचा. ओढल्यावर सुटला पाहिजे आणि न ओढता सुटता कामा नये, इतकंच त्याचं काम. लेस गिऱ्हाइकांना सांगायचा, "आमच्या मॅव्हचा चाप आणि मॅव्हची जीभ, दोन्ही ऐन वेळी अडत नाहीत." माझ्या चापाने कधीही, कुठल्याही पावसात, कोणालाही दगा दिला नाही. हे मी पूर्वी अभिमानाने सांगायची. आता नुसतं खरं म्हणून लिहिते.

कलम ४. लेसची बंदूक. हे कलम लांबणार आहे. शोना, बसून वाच.

आमचा मुलगा ग्रँट आणि पलीकडच्या टायननांचा डॅरिल एका इयत्तेत होते आणि एकाच ताटात जेवत होते म्हटलं तरी चालेल. डॅरिल मला मावशी म्हणे. त्या एप्रिलमध्ये, हरणांचे नर माजावर आले तेव्हा, दोघं वरच्या दरीत शिकारीला जायला निघाले. आदल्या संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात सॉसेज खात बसले होते. डॅरिलने त्याची बंदूक दाखवली. चाप दुकानातला, आदल्या वर्षीच्या पावसापासून अडकायला लागलेला.

मी म्हटलं, "हे खेळणं घेऊन जाणार आहेस होय? ऐन वेळी तोंडघशी पाडेल तुला."

"पाडू दे मावशी, ग्रँट आहे की मारायला."

"ग्रँट काय मारतोय! तो नुसता हंबरतो," लेस म्हणाला. सगळे हसले. ग्रँटने लगेच भिंतीवरचं गाईचं पोकळ शिंग काढून तोंडाला लावलं आणि असा हंबरला की टायननांच्या गोठ्यातली गुरं बिथरली. माजावरच्या नराचा आवाज ऐकला की दुसरा नर उत्तर देत जवळ येतो, आणि तो आवाज ग्रँटइतका हुबेहूब या किनाऱ्यावर कोणी काढत नसे.

मी आत गेले, लेसची बंदूक आणली आणि डॅरिलच्या हातात दिली. "ही ने. हिचा चाप माझा आहे. ही अडणार नाही."

अडली नाही.

ग्रँटने नदीकाठी थांबायचं असं ठरलं होतं. तो थांबला नाही, वर चढला. पहाटे रिमझिम होती, दरीत धुकं. एका अंगाला ग्रँट शिंगातून हंबरला, दुसऱ्या अंगाला डॅरिलने त्याच्या शिंगातून उत्तर दिलं. दोघांनाही वाटलं, समोर नर आहे. एकाने साद घालायची, दुसऱ्याने ओ द्यायची, असं करत दोघं जवळ येत गेले. शाळेच्या वाटेवरही हे असंच करायचे. मग नेचे हलले आणि काहीतरी तपकिरी दिसलं. तो ग्रँटचा लोकरीचा कोट होता. मीच विणलेला.

खटल्याआधी डॅरिलचा वकील ख्राइस्टचर्चहून माझ्या शेडमध्ये आला. गोड बोलणारा. म्हणाला, "बाई, इतका पाऊस, इतकी वाळू. चाप आपोआप सुटला असेल ही शक्यता नाकारता येत नाही, इतकंच म्हणा. पोरगा सुटेल. एक तर गेलाच आहे, दुसऱ्याचं तरी आयुष्य वाचेल."

मी म्हटलं, "शक्यता नाकारता येते. चला, फ्रीझर दाखवते."

कोर्टात माझं नाव पुकारायच्या आधीच वकिलाने चापाचं काढलं, आणि डॅरिल उभा राहिला. खाली बस म्हणून वकील त्याची बाही ओढत होता. डॅरिल म्हणाला, "मावशीच्या चापाला बोल लावू नका. मी ओढला. ओढला म्हणून सुटला." मग रडायला लागला. त्याला शिक्षा झाली, परवाना गेला, लग्न ठरलेलं मोडलं.

लोक म्हणाले, पोरगा खरा बोलला. बोलला. आणि त्याबद्दल मला त्याचा जास्तच राग आला. खोटं बोलला असता तर त्याचा तिरस्कार करणं किती सोपं गेलं असतं. त्या दिवसापासून मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही आणि एकही चाप बनवला नाही. शिवणयंत्राने कोणी मरत नाही.

पोलिसांनी बंदूक परत दिली. ती शेडमधल्या लोखंडी कपाटात आहे. मी ती अधूनमधून काढते, चाप धुते, सुकवते, ओढून बघते. दर वेळी काचेची काडी मोडावी तसा स्वच्छ सुटतो. कितीदा वाटलं, आज तरी अडावा. त्या पहाटे वाळूचा एक कण पुरला असता. पण मी वाळूला जागाच ठेवली नव्हती.

तर शोनाने असं करावं: बंदूक पोलिसांकडे देऊन तुकडे करून घ्यावेत. त्याआधी चाप काढावा आणि शवपेटी बंद करताना तो माझ्या उजव्या हातात द्यावा. बनवला मी, हातात दिला मी. बाकीचं डॅरिलने उचललं आहे. हा माझा वाटा मी घेऊन जाते.

कलम ५. दर हिवाळ्याच्या तोंडाशी माझ्या मागच्या गेटशी कोणीतरी माणुकाच्या झाडाची फोडलेली लाकडं रचून जातं. कोण, हे सगळ्या खोऱ्याला ठाऊक आहे. लाकडं मी जाळली, ऊब घेतली, आभार मानले नाहीत. मी गेल्यावर शेडमधली उरलेली लाकडं परत करू नयेत, तो अपमान होईल. चहा ठेवायला वापरावीत.

कलम ६. ग्रँटचं शिंग. ते पुन्हा त्याच खिळ्याला टांगलेलं आहे. ते डॅरिल टायनन याला द्यावं.

शोना, तू मला फोनवर सांगितलंस, "आई, तो तुझ्या मातीला आला तर मी त्याला गेटवरूनच हाकलीन." तू त्या वेळी मला साथ दिलीस, माझा राग तू स्वतःच्या अंगावर घेऊन वाढवलास. आता खाली ठेव. तो राग माझा होता आणि तो मी तुला वारसाहक्काने देत नाही. या कागदात तेवढी एकच गोष्ट मी तुझ्यासाठी ठेवलेली नाही. मला ग्रँटशेजारी पुरायचं आहे, आणि डॅरिलला आत येऊ द्यायचं आहे. पुढे, घरच्यांत.

हे कलम मी केनला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मॅव्ह, तो माणूस तुझ्या गेटपर्यंत येतो. आजही आला होता. मेल्यावर कशाला, ऊठ आणि सांग ना."

मी म्हटलं, "उठून दारापर्यंत गेले होते, केन. तोंड उघडलं. शब्दच फुटला नाही."

"तुझी जीभ अडली?"

"हो, अडली."

केनने बाहेर जाऊन लाकडं आत आणली.

म्हणून हे लिहून ठेवते. सगळे पांगले की डॅरिलने ते शिंग तोंडाला लावून एकदा साद घालावी, पूर्वी घालायचा तशी. मग थांबून ऐकावं. ओ येणार नाही. त्या पहाटे आली नसती तर किती बरं झालं असतं. ऐकून झालं की शोना, त्याला घरी आण आणि जेवायला बसव.

स्थळ : कार्नीज क्रीक, घरचं स्वयंपाकघर.
दिनांक : ९ जून २०२२, पाऊस.

सही : मॅव्हिस जे. कॉकरन

आम्हा दोघांच्या देखत मॅव्हिसबाईंनी वाचून, समजून वर सही केली. आम्हाला यातून काही मिळत नाही.

साक्षीदार १ : केनेथ बॅसेट, शेजारी. (जाळं उद्या आणून देतो.)

साक्षीदार २ : टुई मॉरिसन, परिचारिका.