काकांच्या सहीचे दहा गुण

अहो,

नमस्कार. देवाच्या कृपेनं आम्ही मायलेकी सुखरूप आहोत. गोळ्या वेळेवर घेता ना? फोनवर भावजींचं नाव काढलं की तुम्ही फोन ठेवता, म्हणून लिहिते.

पोरीच्या प्रवेशाच्या फॉर्मवर त्याच कॉलेजात शिकलेल्या नातेवाइकाची सही असेल तर दहा गुण जास्त मिळतात. पोरीनं तो रकाना कोराच ठेवला होता. कारकून म्हणाले, "बाई, नुसत्या मार्कांवर इथं कुणाचं होतं? काका-मामा कुणी नाही का?"

भावजी त्याच कॉलेजात शिकलेले, मग तुम्हाला न विचारता त्यांच्याकडे गेले. बारा वर्षांच्या अबोल्यानंतरही चहा दिला त्यांनी. म्हणाले, "सही करतो, वहिनी, पण दादानं स्वतः फोन करावा."

पोर म्हणते, "बाबांना वाकायला लावू नकोस, मी दुसरं काहीतरी शिकेन." तेव्हापासून जेवलेली नाही.

पुढच्या शुक्रवारी मुदत संपते. भावजींचा नंबर पाकिटाच्या मागे लिहिला आहे. माझ्यावर हवं तेवढं रागवा. फॉर्म मी त्यांच्याच टेबलावर ठेवून आले आहे.

देवापुढे बसलेली,
तुमची