टिटवी उठली नव्हती

कोपरगावजवळून,
मृगाचा चौथा दिवस

तीर्थरूप तात्यांच्या पायावर बिरूचं डोकं.

मी आनि तुमची सून हौसा बरे हाय. मोबाईल पान्यात गेला, म्हनून गावाकडं निघालेल्या टेम्पोवाल्याजवळ ही चिठ्ठी देतोय. आईचा खोकला थांबला का?

तात्या, गोदावरीला पानी आलं. आपली बावीस मेंढरं गेली. उरलेली वर काढलीत, काळजी करू नका.

तुमी शिकवलेलंच धरून चाललो हुतो. टिटवीनं नदीच्या वाळूत अंडी घातली, म्हंजी औंदा पाऊस कमी. म्हनून तिच्या शेजारीच मेंढरं बसवली. मळेवाला दोनदा सांगून गेला, "वर लई पाऊस हाय, धरनाचं पानी सोडत्यात, उठा." मी त्यालाच हसलो. म्हनलं, "टिटवी उठली न्हाई अजून."

आपला मोत्या कुत्रा मातर त्या सांजंला वाळूत उतरंना. काठावरच भुंकत बसला. मी त्याला काठीनं मारलं, ओढून खाली आनलं आनि खुंटीला बांधलं. दिवस उगवताना पानी आलं, तवा दोरी सोडायला हात पोचला न्हाई. तवापास्नं हौसा माझ्याशी बोलत न्हाई. आक्काला मोत्याचं एवढ्यात सांगू नका. तिनं त्याला बोटानं दूध पाजलंय.

तुमी मनाला लावून घेऊ नका. टिटवीलाबी शिव्या देऊ नका. तिची चारी अंडी गेली. अजून त्याच जागेवर, पान्यावरनं ओरडत फिरती.

तुमचा बिरू