गडबला थांबलेली गाडी

शनिवार, २ मे १९९८

तेरावं काल झालं. आज घर रिकामं. मागून आणलेली भांडी परत गेली, सतरंज्या परत गेल्या. पेणची माणसं दुपारच्या एसटीनं गेली.

जाताना महिपतीभाऊजी अंगणात गाडीपाशी उभे राहिले. यांचे धाकटे भाऊ, पण या दिवसांत यांच्याहून म्हातारे दिसायला लागलेत. म्हणाले, "वहिनी, ही विकून टाका. जिनं दादाला नेलं ती दारात कशाला?"

मी म्हटलं, बघू.

रडू येत नाही. बायका अधूनमधून माझ्या तोंडाकडे बघत होत्या — येतं का. नाही आलं.

ही डायरी यांना कंपनीतून आलेली. रिटायर झाले तरी दरवर्षी यायची. कोरीच होती. लिहिते आहे.

रविवार, ३ मे

गाडीवर धूळ बसलीय. पुसली नाही.

सोमवार, ४ मे

काय झालं ते एकदा लिहून ठेवते. सगळ्यांना सांगून झालंय, पण सगळं सांगितलेलं नाही.

१९ एप्रिल, रविवार. पेणला भाऊजींच्या मैनाचा साखरपुडा. आम्हाला मूलबाळ नाही, मैना यांच्याच मांडीवर वाढली. साडेदहाला रोह्याहून निघालो. मी म्हटलं होतं, एसटीनं जाऊ, ऊन फार आहे. हे म्हणाले, "मैनाच्या दारात आपली फियाट उभी राहिली पाहिजे." सत्तावन्न सालची गाडी. लोक डुक्कर फियाट म्हणतात, यांना ते आवडायचं नाही.

भिसे खिंड चढलो. नागोठणं गेलं, कासू गेलं. हे गप्प होते. गाडी चालवताना गप्पच असतात. गडबच्या अलीकडे एका सरबताच्या टपरीपाशी गाडी बाजूला घेतली. म्हणाले, "तापलीय. पाणी घेऊन ये." मी डिकीतला डबा घेतला. टपरीवालीनं तिच्या घरामागची विहीर दाखवली. जरा लांब होती, शेताच्या बांधावरून जायचं. डबा भरला. तेवढ्यात टपरीवाली मागून आली. बस म्हणाली, ऊन लागेल. ताक दिलं. गाव कुठलं, माहेर कुठलं विचारत बसली. मी दोन पेले ताक प्याले.

परत आले तर यांचं डोकं स्टिअरिंगवर. मला वाटलं डुलकी लागली.

तिथं उभ्या असलेल्या एका टेम्पोतून पेणला नेलं. डॉक्टर म्हणाले, जाऊन अर्धा तास झाला.

हे सगळ्यांना सांगितलं. ताकाचं नाही सांगितलं. आणि दुसरं एक. लांब जायचं असलं की इंजिनातलं तेल हे बघायचे आणि रेडिएटरमध्ये पाणी मी घालायचे. ही जुनी गाडी घेतली तेव्हापासून, सतरा वर्षं. त्या दिवशी मी साडी बदलत होते. आहेराचं ताट सापडत नव्हतं.

पाणी घातलं की नाही, आठवत नाही.

मंगळवार, ५ मे

आठवत नाही.

गुरुवार, ७ मे

मोतीरामला बोलावलं. त्याचं धाटावच्या रस्त्याला गॅरेज आहे. कुंडलिका नदीच्या काठच्या वाडीतला. त्याच्या घरात पाना धरणारा हाच पहिला. यांच्याशी त्याचं जमायचं. दोघं बोनेटमध्ये डोकी घालून तासन् तास उभे असायचे.

त्याला म्हटलं, गाडी का तापली ते बघ. एकेक वस्तू काढून बघ.

तो म्हणाला, "काकी, आता कशाला? विकायची असंल तर अशीच विका."

मी म्हटलं, मला बघायचंय.

तो चप्पल काढून गाडीखाली गेला.

शनिवार, ९ मे

पाइप बघितले. वरचा आणि खालचा. कुठं फुगलेले नाहीत, चिरलेले नाहीत. पंख्याचा पट्टा अंगठ्यानं दाबून दाखवला — अर्धा इंच दबतो, तेवढाच दबायला हवा. रेडिएटरच्या झाकणाचं रबर नवं आहे. "काकांनी शिमग्याला बदललंय," म्हणाला.

गळती कुठंच नाही.

सोमवार, ११ मे

रेडिएटर उतरवला. अंगणात उलटा करून नळी लावली. म्हणाला, गाळ असला तर लाल चिखल येतो, मग पाणी फिरत नाही, गाडी हीट मारते. मी समोर पायरीवर बसून बघत होते. आधी थोडं गंजाचं पाणी आलं. मग स्वच्छ. आतल्या नळ्या सगळ्या मोकळ्या.

"यात कायच नाय," मोतीराम म्हणाला. खूश होऊन म्हणाला.

मी आत जाऊन भात लावला. किती शिट्ट्या झाल्या ते कळलं नाही. करपला.

गुरुवार, १४ मे

पाण्याचा पंप बघितला. चांगला. मग त्यानं इंजिनाच्या वरून एक पितळी वाटीसारखी वस्तू काढली — थर्मोस्टॅट. इंजिन गार असलं की ती पाण्याची वाट बंद ठेवते, तापलं की उघडते. अडकली तर गाडी उकळणारच.

म्हणाला, "काकी, टोपात पाणी ठेवा."

दुधाच्या टोपात पाणी ठेवलं. त्यानं ती तारेला बांधून पाण्यात सोडली. आम्ही दोघं शेगडीपाशी उभे. पाण्याला वाफा यायला लागल्या तशी तिची झडप हळूहळू उघडली. गार पाण्यात टाकली तर मिटली. त्यानं तीनदा करून दाखवलं. तिन्ही वेळा उघडली.

मग सहज म्हणाला, "सगळं ठीक हाय. मग गाडी तापली ती पाणी कमी असंल म्हणून. दुसरं काय नाय."

मी टोप घासून पालथा घातला.

शुक्रवार, १५ मे

भाऊजींना फोन लावला. शेजारच्या सीताबाईंकडून. विचारलं, तुम्ही गाडी गडबहून आणवलीत तेव्हा रेडिएटरमध्ये पाणी होतं का? किती मावलं?

 भाऊजी म्हणाले, "वहिनी, त्या दिवशी ते कोण बघतंय? चालवणाऱ्यानं ओतलं असेल." मग म्हणाले, "काही दिवस इकडे येऊन राहा."

म्हणाले तर खरं. पण मैनाचा साखरपुडा राहून गेलाय. तिच्यासमोर कशी जाऊ?

रविवार, १७ मे

सीताबाईंनी हापूस दिले. सहा. एक खाल्ला. आंबा होता एवढंच.

आज महिना होत आला. पाणी मी घातलं नव्हतं, असं धरून चालायचं ठरवलंय. ठरवल्यावर काही वेगळं वाटलं नाही. हातपाय तसेच चालतात.

बुधवार, २० मे

गाडी जोडून झाली. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा दोन वर्षं मेलेला होता. हे म्हणायचे, मला वासावरून कळतं. मोतीरामनं तो बदलला.

म्हणाला, "खिंडीत नेऊन बघू. दुपारीच नेऊ, उन्हाची."

मीच चालवली. यांनी शिकवलंय मला, पण मी रोह्याच्या बाहेर कधी नेली नव्हती. दुपारचे दोन. रस्त्यावर डांबर मऊ झालेलं. मोतीराम शेजारी बसून सांगत होता. चढाला गाडी धापा टाकेपर्यंत वरच्या गिअरमध्ये ठेवू नका, आधीच दुसरा टाका. तापतेय वाटलं तर लगेच बंद करू नका, वाऱ्याकडे तोंड करून उभी करा, बोनेट उघडा, इंजिन हळू चालू ठेवा, पंखा फिरू दे. गरम असताना झाकण उघडू नका, तोंड भाजेल. मी हो हो म्हणत होते.

खिंडीच्या माथ्यावर गाडी लावली. काटा मध्यावर. जरासुद्धा पुढं नाही.

तिथं मी त्याला सांगितलं. का सांगितलं माहीत नाही. म्हटलं, मोतीराम, त्या दिवशी मी पाणी घातलं नव्हतं.

तो मग खाली उतरला, बोनेट उघडून तेल मोजायची पट्टी काढून माझ्यासमोर धरली.

"काकी, एक दिस पाणी नाय घातलं तर पेलाभर कमी होईल. त्यानं कायबी होत नाय. आणि रेडिएटर रिकामा असता ना, तर गाडी ही खिंडच चढली नसती. हितंच उकळली असती. गडब हितून किती लांब! आणि तशी नेली असती तर इंजिनाचं हेड वाकलं असतं, तेलात पाणी आलं असतं. तेल बघा. काळं हाय, पण साफ हाय."

मी म्हटलं, मग हे गडबला कशाला थांबले?

तो पट्टी पुसत राहिला. "ते काकांनाच ठाव."

गुरुवार, २१ मे

काहीही नाही.

शनिवार, २३ मे

मोतीराम येऊन गेला. गाडी धुतली त्यानं, न सांगता. म्हणाला, "गडबला जायचं असंल तर सांगा, मी येतो."

मी म्हटलं, एकटी जाईन.

सोमवार, २५ मे

गेले. सकाळी पाणी घातलं, हातानं, काठोकाठ. खिंड चढले, नागोठण्याला थांबले नाही, कासूला थांबले नाही. काटा मध्यावर.

टपरीवाल्या बाईचं नाव गिरजाबाई. त्या दिवशी विचारलंही नव्हतं. गाडी थांबली तशी तिनं हातातला पेला खाली ठेवला. गाडी ओळखली तिनं, मग मला.

"आलीस गो," म्हणाली. "मी रोज बघत व्हते रस्त्याकडं. तुझं नाव ठाव नाय, गाव इचारलेलं पण ध्यानात नाय राहिलं. कुठं शोधू?"

तिनं मला बाकड्यावर बसवलं. मी सरळ विचारलं, त्या दिवशी गाडी तापली होती का?

"कसली तापते? इथं रोज धा गाड्या तापून थांबतात. वाफ येते, वास येतो. तुमच्या गाडीला कायपण नव्हतं."

मग तिनं पदरानं बाकडं पुसलं, पुसायची गरज नसताना.

"तू इहिरीवर गेलीस ना, तसे ते उतरून हितं बसले. घामानं सदरा चिंब. छाती चोळत व्हते. मी म्हटलं, दादा, टेम्पो उभा हाय, दवाखान्यात नेते. तर नको म्हणाले. म्हणाले, आज पुतणीचा साखरपुडा हाय, गोंधळ नको. जरा बसलो की जातं. म्हणाले, दोन महिनं झालं असंच व्हतंय, बसलो की जातं."

मी म्हटलं, दोन महिने?

"व्हय. असंच म्हणाले. मग म्हणाले, बाय, माझ्या बायकोला जरा तिकडंच बसव. तिनं बघितलं तर घाबरंल. गाडी तापली म्हणून सांगितलंय तिला. मी गाडीत जाऊन बसतो. म्हणून मी ताक घेऊन आले तुझ्याकडं. हाय का नाय माझी चूक? मला वाटलं पित्त असंल. मला काय ठाव!"

तिचे डोळे भरले होते. माझे नाही. मी तिला म्हटलं, तुमची चूक नाही. खरंच म्हटलं. मला तिचं काहीच वाटलं नाही.

टेम्पो कुठं उभा होता, विचारलं. तिनं हात करून दाखवलं. बाकड्यापासून दहा पावलं असतील. मी चालून बघितलं. आठ.

तिनं सरबत दिलं. थोडं प्याले. पेण पुढं अर्ध्या तासावर होतं, पण गेले नाही. गाडी वळवली.

येताना खिंडीत गाडी दुसऱ्या गिअरला टाकायला उशीर झाला. हातांना जोर होता, पण कुठं लावायचा ते कळत नव्हतं.

मंगळवार, २६ मे

सकाळी चहा गाळताना रडू आलं. अजून थांबलेलं नाही, तशीच लिहिते आहे.

दुःखाचं नाही. रागाचं आहे. तेहतीस वर्षं शेजारी झोपलेल्या बाईला दोन महिने सांगितलं नाही. घाबरेल म्हणे. घाबरले असते. घाबरत घाबरत टेम्पोत बसवून नेलं असतं.

टेम्पोपर्यंत आठ पावलं होती. विहिरीवर आवाज आला असता. यांनी मला फक्त एक हाक मारायची होती.